स्वस्ताई कुठून येते? मेक्सिकोतल्या आहिहीक गावाचा हिशेब

२०२५च्या जुलै महिन्यात मेक्सिको सिटीतल्या रोमा आणि कोन्देसा या वस्त्यांत मोर्चा निघाला. परदेशी भाडेकरूंमुळे आपल्याच शहरातली घरे आपल्याला परवडेनाशी झाली आहेत, अशी मोर्चेकऱ्यांची तक्रार होती. काही दुकानांच्या काचा फुटल्या, परदेशी लोकांनी चालते व्हावे असे फलक झळकले आणि ती दृश्ये जगभर पोहोचली. अमेरिकेत शिरण्यासाठी मेक्सिकन माणूस जिवावर उदार होतो, हे आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. मग अमेरिकन माणूस मेक्सिकोत राहायला का जातो, आणि गेलाच तर तिथल्या लोकांना त्याचा राग का यावा, असा प्रश्न ही दृश्ये पाहणाऱ्याला पडणे स्वाभाविक आहे.

राजधानीसारख्या अवाढव्य शहरात या प्रश्नाचे धागे एकमेकांत गुंतलेले असतात. तेच धागे एखाद्या लहान गावात सुटे करून पाहता येतात. त्यासाठी चपाला सरोवराच्या काठावरच्या आहिहीक या गावाइतके चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही, कारण तिथे परदेशी लोकांची वस्ती पाचसात वर्षांची नव्हे, तर जवळजवळ ऐंशी वर्षांची आहे.

गाव कुठे आहे, कसे आहे?

मेक्सिकोच्या पश्चिमेकडे हलिस्को नावाचे राज्य आहे आणि ग्वादालाहारा हे त्याचे राजधानीचे शहर. या शहराच्या दक्षिणेला सुमारे ५० किलोमीटरवर चपाला सरोवर पसरले आहे. मेक्सिकोतले ते सर्वांत मोठे सरोवर. त्याच्या उत्तर काठावर, डोंगर आणि पाणी यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत आहिहीक वसले आहे. नाव मूळचे नाहुआत्ल भाषेतले असून ‘पाणी उसळते ती जागा’ असा त्याचा अर्थ सांगतात. २०२०च्या जनगणनेनुसार गावाची वस्ती ११ हजारांच्या आसपास आहे, आणि त्याच वर्षी मेक्सिको सरकारने त्याला ‘पुएब्लो माहिको’, म्हणजे ‘जादुई गाव’, हा पर्यटनासाठीचा दर्जा दिला.

अक्षांश पाहिला तर आहिहीक नाशिकच्या किंचित उत्तरेला येते, परंतु समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे १,५०० मीटर, म्हणजे महाबळेश्वरहूनही अधिक आहे. त्यामुळे ऊन आपल्या ओळखीचे आणि हवा मात्र थंड हवेच्या ठिकाणाची, असा दुर्मीळ योग तिथे जुळून आला आहे. पाऊसही आपल्यासारखाच जून ते ऑक्टोबर पडतो, पण बहुतेक रात्री कोसळतो आणि सकाळी आकाश मोकळे होते. घरांत हीटरची फारशी गरज नाही आणि एसीचीही नाही. कॅनडातल्या हिवाळ्यात ज्याने सहा महिने बर्फ उपसला आहे, त्याला या एका वाक्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

बुधवारी गावात आठवडी बाजार भरतो, त्याला तियांगीस म्हणतात. दगडगोट्यांच्या अरुंद रस्त्यावर दोन्ही बाजूंनी ताडपत्र्या ताणलेल्या असतात, आणि त्यांखाली पेरू, पपई, चिकू, सीताफळ अशी आपल्याला घरची वाटणारी फळे मांडलेली असतात. ही फळे मुळात त्या खंडातलीच, आपल्याकडे ती पोर्तुगीजांच्या काळानंतर रुजली. शेजारी तळ्यातले चाराल हे बोटभर लांबीचे मासे कुरकुरीत तळून ढिगाने ठेवलेले असतात, आणि त्यांच्यावर लिंबू पिळून व लाल तिखट भुरभुरून ते कागदात बांधून देतात. याच गर्दीत पांढऱ्या केसांची, सावकाश चालणारी, तोडक्यामोडक्या स्पॅनिशमध्ये भाव विचारणारी परदेशी माणसे ठिकठिकाणी दिसतात.

ही माणसे इथे आली कशी?

विसाव्या शतकाच्या आरंभी चपाला हे शेजारचे गाव ग्वादालाहारातल्या श्रीमंतांचे आणि खुद्द राष्ट्राध्यक्ष पोर्फिरिओ दिआस यांचे सुट्टीचे ठिकाण होते. १९४४मध्ये, दुसरे महायुद्ध चालू असतानाच, अमेरिकी सरकारने परतणाऱ्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च उचलणारा कायदा केला, आणि त्या पैशावर परदेशातही शिकता येत असल्यामुळे युद्धानंतर काही तरुण मेक्सिकोत आले. चित्रकार आणि लेखक आले, कारण भाडे कमी होते आणि उजेड चांगला होता. नील जेम्स या अमेरिकी लेखिका १९४०च्या दशकात आहिहीकला आल्या आणि १९९४मध्ये तिथेच वारल्या. गावातल्या मुलांसाठी त्यांनी ग्रंथालय उघडले, मुलांना चित्रकला शिकवण्याची जी रीत त्या काळी सुरू झाली ती आजही चालू आहे, आणि त्यांचे घर व बाग आता ‘लेक चपाला सोसायटी’ या संस्थेकडे आहे. १९५५मध्ये स्थापन झालेली ही संस्था म्हणजे तिथल्या इंग्रजी बोलणाऱ्या लोकांचे जणू महाराष्ट्र मंडळच: पुस्तके, व्याख्याने, स्पॅनिशचे वर्ग आणि नव्याने आलेल्यांना चार गोष्टी सांगणारी जुनी माणसे.

आधी कलावंत, मग त्यांच्या ओळखीने आलेले निवृत्त, आणि मग निवृत्तांमुळे आलेले दवाखाने, इमारती आणि दुकाने, अशा क्रमाने ही वस्ती वाढली. परक्या गावी पहिला जातो तो धाडसी असतो, पण शंभरावा जातो तो आधीच्या नव्व्याण्णवांच्या भरवशावर. परळ-लालबागच्या चाळींत कोकणातल्या एकेका गावाची माणसे जशी एकत्र सापडत, तसेच हे आहे.

‘एक्सपॅट’ म्हणजे कोण?

स्वतःच्या मर्जीने, बहुधा बऱ्यापैकी पैसा गाठीशी घेऊन, दुसऱ्या देशात राहायला गेलेल्या माणसाला इंग्रजीत एक्सपॅट म्हणतात. हा शब्द निष्पाप नाही. कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोच्या मळ्यात द्राक्षे खुडणाऱ्या मेक्सिकन माणसाला आपण स्थलांतरित म्हणतो आणि आहिहीकच्या अंगणात बसलेल्या अमेरिकन माणसाला एक्सपॅट म्हणतो, पण सीमा दोघांनीही ओलांडलेली असते. मेक्सिकोच्या कायद्याला हा भेद ठाऊक नाही, त्याच्या लेखी बाहेरून आलेला प्रत्येक जण ‘एक्स्त्रान्हेरो’, म्हणजे परदेशी. यापुढे या लेखात मीही साधा ‘परदेशी’ हाच शब्द वापरतो.

राहण्याची परवानगी: किमान वेतनाचा गुणाकार

पर्यटक म्हणून मेक्सिकोत जास्तीत जास्त १८० दिवस राहता येते. पूर्वी अनेक परदेशी दर सहा महिन्यांनी सीमेपार जाऊन परत येत आणि अशा रीतीने वर्षानुवर्षे ‘पर्यटक’ म्हणूनच राहत. आता सीमेवरचे अधिकारी १८० दिवस देतीलच असे नाही, त्यामुळे ही वाट अरुंद झाली आहे. रीतसर मार्ग आहे तो निवासी परवान्याचा. तो आधी तात्पुरता मिळतो आणि चार वर्षांनंतर कायमचा होऊ शकतो.

तात्पुरत्या परवान्यासाठी अर्जदाराची ऐपत तपासतात, आणि ती मोजण्याचे माप आहे मेक्सिकोतले एका दिवसाचे किमान वेतन. दरमहा उत्पन्न अशा ३०० दिवसांच्या वेतनाइतके असावे, किंवा बँकेत ५,००० दिवसांच्या वेतनाइतकी शिल्लक असावी, असा साधारण नियम आहे. २०१८मध्ये किमान वेतन दिवसाला ८८.३६ पेसो होते, म्हणजे महिन्याला साडेसव्वीस हजार पेसो दाखवले की काम होत होते. त्यानंतर मेक्सिकोच्या सरकारने कामगारांचे किमान वेतन वर्षामागून वर्षे वाढवले आणि २०२५मध्ये ते २७८.८० पेसो झाले. त्याबरोबर परदेशी माणसाने दाखवायची रक्कमही आपोआप महिना ८३,६४० पेसो, म्हणजे चार हजार डॉलरच्या वर गेली. अमेरिकेत निवृत्त कामगाराला सरकारी सोशल सिक्युरिटीतून त्या वर्षी सरासरी सुमारे दोन हजार डॉलर मिळत होते. ‘साध्या पेन्शनवर मेक्सिकोत आरामात राहता येते’ असे सांगणारे व्हिडिओ आजही फिरत आहेत, पण केवळ त्या पेन्शनवर नव्याने परवाना मागणारा माणूस आता दारातच अडतो. मला यात अन्याय दिसत नाही. आपल्या मजुराचा घाम महाग झाल्यावर पाहुण्याच्या ऐपतीचे माप वाढावे, हे न्यायाला धरूनच आहे.

स्वस्ताई म्हणजे नेमके काय?

सगळ्या प्रकरणाचा गाभा इथे आहे, म्हणून थोडे थांबून पाहू.

एखादे गाव स्वस्त आहे असे आपण म्हणतो तेव्हा स्वस्ताई हा जणू त्या गावाच्या मातीचा गुण आहे, असे गृहीत धरतो. प्रत्यक्षात तो दोन ठिकाणच्या उत्पन्नांमधला फरक असतो. मुंबईच्या गिरणीत कमावलेले पैसे मनीऑर्डरने कोकणात गेले की तेवढ्याच रुपयांत तिथे कुटुंब निभावत असे, कारण गावातले भाव गावातल्या मजुरीवर ठरत होते. आहिहीकमध्येही तेच घडते. फरक इतकाच की इथे मनीऑर्डर येत नाही, पैसे घेऊन माणूसच येतो आणि गावातच राहतो. मनीऑर्डरीचा पैसा गावच्या माणसाच्या हाती पडत असे आणि त्याची ऐपत वाढवत असे. या पैशाचा धनी मात्र बाहेरचा आहे, आणि तो त्याच घरासाठी, त्याच भाजीसाठी, त्याच पाण्यासाठी गावच्या माणसाच्या शेजारी गिऱ्हाईक म्हणून उभा राहतो.

यातून दोन परिणाम निघतात. पहिला परदेशी माणसाला जाचतो. त्याची मिळकत डॉलरमध्ये आणि खर्च पेसोमध्ये असल्यामुळे त्याचा संसार विनिमयदरावर हेलकावे खातो. २०२०च्या वसंतात, कोविडच्या पहिल्या लाटेत, एका डॉलरला २४ ते २५ पेसो मिळत होते, म्हणून दोन हजार डॉलरचे सुमारे पन्नास हजार पेसो होत. २०२४च्या एप्रिलमध्ये दर साडेसोळाच्या आसपास आला आणि त्याच दोन हजारांचे तेहतीस हजार उरले. पेन्शन एका पैशाने घटली नव्हती, तरी संसाराचा तिसरा हिस्सा गळून पडला, आणि मधल्या काळात मेक्सिकोतली महागाई वाढली होती ती निराळीच. स्वस्ताई हा फरक असेल तर तो कमीही होऊ शकतो, ही साधी गोष्ट घर विकून निघालेल्या अनेकांच्या लक्षात फार उशिरा आली.

दुसरा परिणाम गावकऱ्याच्या वाट्याला येतो. गावातल्या घरांच्या किमती सर्रास डॉलरमध्ये सांगितल्या जातात. २०२५च्या किमान वेतनाने महिनाभर काम करणाऱ्याच्या हाती साडेआठ हजार पेसोंच्या आत-बाहेर रक्कम येते. ज्या घराचे भाडे एखाद्या निवृत्त जोडप्याला ‘अर्ध्या किमतीत’ वाटते, ते या माणसाच्या पूर्ण पगारात बसत नाही. वस्तीत जास्त पैसा असलेले लोक येतात, भाडी आणि दुकाने त्यांच्या ऐपतीप्रमाणे बदलत जातात आणि मूळच्या रहिवाशांना बाहेर सरकावे लागते, या क्रियेला जेंट्रिफिकेशन म्हणतात. मेक्सिको सिटीतला मोर्चा तिच्याच विरोधात होता. अलिबाग-मुरुडकडे जमिनी विकल्या गेल्यावर तिथल्या तरुणाला स्वतःच्या गावात दोन गुंठे घेणे कसे अशक्य झाले, हे ज्याने पाहिले आहे त्याला हा शब्द नवा असला तरी गोष्ट जुनी वाटेल.

परदेशी माणसाला तिथे जमीन घेता येते?

येते, आणि त्यामागचा कायदा समजून घेण्यासारखा आहे. मेक्सिकोच्या १९१७च्या राज्यघटनेतील कलम २७ म्हणते की समुद्रकिनाऱ्यापासून ५० आणि सीमेपासून १०० किलोमीटरच्या पट्ट्यात परदेशी व्यक्तीला जमिनीची थेट मालकी मिळणार नाही. परक्या सत्तांनी प्रदेश बळकावल्याचा जो अनुभव त्या देशाने घेतला, त्यातून आलेली ही सावधगिरी आहे. त्या पट्ट्यात घर घ्यायचे असेल तर मालकी एखाद्या बँकेच्या नावे विश्वस्त म्हणून राहते आणि उपभोगाचा हक्क परदेशी माणसाला मिळतो. चपालाचा किनारा मात्र सरोवराचा आहे, समुद्राचा नाही, आणि तो पॅसिफिकपासून पुरेसा आत आहे. म्हणून आहिहीकमध्ये परदेशी माणसाच्या स्वतःच्या नावाने खरेदीखत होते.

त्यासाठी त्याला परराष्ट्र खात्यापुढे लिहून द्यावे लागते की या मालमत्तेपुरता मी स्वतःला मेक्सिकन समजेन आणि वाद झाल्यास माझ्या देशाच्या सरकारकडे दाद मागणार नाही, मागितली तर मालमत्ता गमावेन. खरेदी ‘नोतारिओ’समोर होते. आपल्याकडे कोर्टाबाहेर झाडाखाली बसून शिक्के मारणाऱ्या नोटरीशी त्याची गल्लत करू नये. मेक्सिकोतला नोतारिओ हा सरकारने नेमलेला ज्येष्ठ वकील असतो, मालकीहक्काची साखळी तपासणे, कर वसूल करणे आणि दस्त नोंदवणे ही त्याची जबाबदारी असते.

फसगत होते ती बहुधा ‘एहिदो’ जमिनीत. १९१०च्या मेक्सिकन क्रांतीनंतर मोठ्या जमीनदारांकडून काढून गावाच्या सामूहिक ताब्यात दिलेली ही शेतजमीन. १९९२च्या सुधारणेनंतर ती ठरावीक प्रक्रियेने खासगी करता येते, पण ती प्रक्रिया पुरी होण्याआधी परदेशी माणसाने दिलेले पैसे पाण्यात गेलेच म्हणून समजावे. सातबाऱ्यावर भलत्याचेच नाव असताना नुसत्या साठेखतावर विसंबण्यासारखेच ते आहे. भारताचा कायदा या बाबतीत मेक्सिकोहून कितीतरी कडक आहे. भारतात न राहणाऱ्या आणि भारतीय वंशाच्या नसलेल्या परदेशी नागरिकाला इथे घर विकत घेता येत नाही, आणि गोव्यात याच मुद्द्यावरून झालेले वाद वाचकांना आठवत असतील.

‘पण त्यांच्यामुळे गावाला रोजगार मिळतो ना?’

हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर ‘हो’ असेच आहे. गवंडी, माळी, स्वयंपाकी, परिचारिका, दंतवैद्य, मालवाहू गाड्या चालवणारे अशा कित्येकांची चूल परदेशी वस्तीमुळे पेटते. डोंगर आणि तळे यांच्यामध्ये सापडलेल्या गावात शेतीला जागा थोडी, आणि मासेमारी पूर्वीसारखी उरलेली नाही. परदेशी लोक उद्या निघून गेले तर ग्वादालाहाराला किंवा थेट अमेरिकेला जाणाऱ्या तरुणांची संख्या वाढेल, हे गावातले लोकही जाणतात. स्पॅनिश शिकून, शाळांना आणि रुग्णांना मदत करून गावाशी मनापासून जोडले गेलेले परदेशीही आहेत, त्यांच्याबद्दल मला आदर वाटतो.

पण रोजगार म्हणजे उपकार नव्हे, आणि मेक्सिकोचा कायदाही तसे मानत नाही. घरकामाच्या बाईला डिसेंबरच्या २० तारखेपर्यंत किमान १५ दिवसांच्या पगाराइतका ‘अगिनाल्दो’ द्यावाच लागतो. हा आपला दिवाळी बोनसच, फक्त तो मालकाच्या मर्जीवर सोडलेला नाही. कारणाशिवाय कामावरून काढले तर तीन महिन्यांचा पगार आणि नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे २० दिवसांचा पगार देणे लागते, आणि २०२२च्या कायदेबदलापासून घरकामगारांची सामाजिक विमा संस्थेत नोंदणी सक्तीची झाली आहे. ‘इथे माणसे स्वस्त मिळतात’ असे बोलणाऱ्याने हा सगळा खर्च मांडून मग बोलावे. दिवसाकाठी काही पेसो वाचवण्यासाठी नोंदणी टाळणारा मालक एका म्हाताऱ्या बाईचे उद्याचे औषध हिरावून घेत असतो.

आणखी एक गोष्ट बोलण्यात क्वचित येते. मेक्सिकोच्या राज्यघटनेतील कलम ३३ परदेशी व्यक्तींना देशाच्या राजकारणात हस्तक्षेप करण्यास मनाई करते. गावात हजारो परदेशी राहतात, वर्षारंभी घरपट्टी भरतात, रस्त्यांच्या आणि पाण्याच्या अडचणी सोसतात, पण नागरिकत्व घेतल्याशिवाय त्यांना मत नाही. त्यामुळे गाव कोणत्या दिशेने वाढावे या निर्णयात पैसा एका बाजूला असतो आणि मत दुसऱ्या बाजूला. चपालाहून होकोतेपेककडे जाणारा एकच मुख्य रस्ता गावाच्या पोटातून जातो, आणि हिवाळ्यात तिथे तुंबणाऱ्या गाड्या पाहिल्या की हे दोन्ही पक्ष एकाच खोळंब्यात उभे दिसतात.

आजारी पडल्यावर काय?

निवृत्त माणसासाठी हा प्रश्न घराहून मोठा आहे, आणि अमेरिकेतल्या मराठी वाचकांनी हा भाग जरा लक्ष देऊन वाचावा. १९६५च्या स्थलांतर कायद्यानंतर अमेरिकेत गेलेली मराठी पिढी निवृत्त झाली आहे, तिच्या मागची होत आहे, आणि ‘भारतात परतावे की इथेच राहावे’ या जुन्या चर्चेत ‘मेक्सिकोत गेले तर?’ हा तिसरा पर्याय सहज डोकावू शकतो. तो तपासताना ध्यानात ठेवावे की ६५ वर्षांपुढच्यांसाठीचा मेडिकेअर हा अमेरिकी सरकारी विमा, अगदी मोजके अपवाद सोडले तर, मेक्सिकोत एक पैसाही देत नाही. तिथे उपयोग नाही म्हणून त्याचा ‘पार्ट बी’ हा डॉक्टरांचा खर्च भागवणारा हिस्सा सोडला आणि पुढे परतल्यावर पुन्हा घ्यायचा ठरवला, तर खंडाच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे हप्ता १० टक्क्यांनी वाढतो आणि ती वाढ जन्मभर राहते. ज्यांच्याकडे अमेरिकी नागरिकत्व नसून केवळ ग्रीन कार्ड आहे, त्यांनी दीर्घकाळ बाहेर राहिल्यास ते कार्डच धोक्यात येते.

मेक्सिकोत खासगी उपचार अमेरिकेच्या मानाने पुष्कळ स्वस्त आहेत आणि ग्वादालाहारात मोठी, सुसज्ज इस्पितळे आहेत. पण तिथे बहुधा आधी पैसे, मग उपचार अशी रीत असते. हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसासाठी डोंगर ओलांडून जाणारा तासाभराचा रस्ता फार लांबचा असतो.

कॅनडाच्या लोकांचे गणित वेगळे आहे. ऑन्टॅरिओ प्रांतात सरकारी आरोग्यसेवेचा हक्क टिकवायचा तर कोणत्याही बारा महिन्यांत २१२ दिवसांहून अधिक काळ प्रांताबाहेर राहता येत नाही. म्हणूनच कॅनडाची माणसे नोव्हेंबरच्या आसपास येतात आणि एप्रिलपर्यंत परततात. गावात त्यांना ‘हिमपक्षी’ म्हणतात. तळ्याच्या आग्नेय टोकाला, मिचोआकान राज्यातल्या पेतातान नावाच्या गावी खरेखुरे हिमपक्षीही उतरतात. हे पांढरे पेलिकन उत्तरेकडून हजारोंनी येतात आणि मार्चपर्यंत मुक्काम करतात. तिथले कोळी मासे सोलून उरलेली कातडी आणि काटे दुपारी त्यांच्यापुढे टाकतात, तेव्हा काठाजवळचे पाणी दिसेनासे होते, इतकी पांढऱ्या पंखांची दाटी होते.

‘तो भाग धोकादायक नाही का?’

हलिस्को हे मेक्सिकोतल्या एका अतिबलाढ्य गुन्हेगारी टोळीचे मूळ राज्य आहे आणि अमेरिकी परराष्ट्र खात्याने अलीकडच्या वर्षांत ‘प्रवासाचा फेरविचार करा’ या गटात त्याला ठेवले आहे. त्याच सूचनापत्रकात, आपल्या कर्मचाऱ्यांवर ज्या ठिकाणी जाण्याची बंधने नाहीत अशांच्या यादीत, ग्वादालाहारा परिसर, चपाला आणि आहिहीक यांची नावे होती. म्हणजे राज्य धोक्याचे आणि गाव त्यामानाने शांत, हे दोन्ही एकाच वेळी खरे आहे. परदेशी माणसाला तिथे बहुधा घरफोडीची आणि भुरट्या चोरीची काळजी असते.

पण त्या शांततेकडे पाहताना शेजारची माणसे नजरेआड होऊ नयेत. बेपत्ता व्यक्तींच्या सरकारी नोंदीत हलिस्को राज्य देशात सर्वांत वर आहे, तो आकडा पंधरा हजारांच्या पुढे गेला आहे. मार्च २०२५मध्ये ग्वादालाहाराच्या पश्चिमेला तेउचित्लानजवळच्या एका ओसाड वाडीत बेपत्तांच्या नातलगांनी स्वतः शोध घेतला, तेव्हा त्यांना शेकडो बूट-चपला सापडल्या. ज्या राज्यात आया फावडी घेऊन मुलांना शोधत हिंडतात, तिथल्या एका काठाला सुरक्षित म्हणताना ‘कोणासाठी’ हा शब्द जोडल्याशिवाय वाक्य पुरे होत नाही.

आणि तळे?

गाव तळ्यामुळे आहे, म्हणून शेवटी तळ्याकडे आले पाहिजे. चपाला सरोवराचे क्षेत्रफळ सुमारे १,१०० चौरस किलोमीटर आहे आणि पूर्ण भरल्यावर त्यात साधारण २७९ टीएमसी पाणी मावते, म्हणजे कोयनेच्या अडीच पटींहून जास्त. पण एरवी सरासरी खोली अवघी चार-पाच मीटर. घागरीतले पाणी आणि परातीतले पाणी यांत जो फरक, तोच इथे लागू होतो: परात रुंद असते, म्हणून उन्हाने तिच्यातले पाणी झपाट्याने उडते, आणि पातळी थोडी उतरली तरी काठ दूरवर सरकतो.

या परातीत पाणी येते ते मुख्यतः लेर्मा नदीचे. ती मेक्सिको सिटीच्या पश्चिमेला उगम पावते आणि पाच राज्यांतली शेते व कारखाने ओलांडून इथे पोहोचते. वरच्या अंगाला धरणे आणि कालवे वाढत गेले तसे खाली येणारे पाणी घटले, आणि आले ते मैला व रसायने घेऊन आले. नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडण्यावरून दरवर्षी होणारा वाद ज्याने पाहिला आहे, त्याला लेर्माचा तंटा नकाशा न उघडताही कळेल. दुसऱ्या टोकाला पन्नास लाखांवर वस्तीचे ग्वादालाहारा आपल्या पाण्याचा निम्म्याहून अधिक भाग याच तळ्यातून उचलते. १९५५मध्ये तळे तळाला गेले होते, आणि २००२च्या सुमारास पुन्हा क्षमतेच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी उरले. तेव्हा काठावरच्या धक्क्यांपुढे पाण्याऐवजी गवताचे माळ पसरले होते. पुढच्या चांगल्या पावसाळ्यांनी ते सावरले. उघड्या पडलेल्या गाळपेराच्या जमिनीची मालकी केंद्र सरकारची असते, पण पाणी मागे हटले की कुंपणे पुढे सरकतात, कधी परदेशी घरमालकाची, कधी स्थानिक विकासकाची, आणि पाणी परतले की वाद कोर्टात जातो. पृष्ठभागावर पसरणारी जलपर्णी तर पवना-इंद्रायणीच्या काठच्या माणसांना ओळखीचीच वाटेल.

घर घेण्याच्या विचाराने आहिहीक पाहायला जाणारे बहुतेक लोक जानेवारीत जातात, कारण तेव्हा त्यांच्याकडे थंडी असते. मी त्यांना मे महिन्यात जायला सांगेन. हिमपक्षी तोवर निघून गेलेले असतात. डोंगर तपकिरी झालेले असतात, हवेत शेतातल्या जाळलेल्या पाचटाचा धूर असतो, तळ्याची पातळी वर्षातल्या नीचांकाकडे उतरत असते, आणि झाडांवरचे सिकाडा किडे दुपारभर असे कर्कश ओरडतात की बोलणे ऐकू येऊ नये. तिथे वर्षभर राहणारे परदेशी त्यांना ‘पावसाचे पक्षी’ म्हणतात, कारण त्यांचा आवाज सुरू झाला की काही आठवड्यांत पाऊस येतो असा अनुभव आहे. त्या दिवसांत बुधवारच्या बाजारात इंग्रजी कमी ऐकू येते, आणि भाजीवाली व तिच्यासमोरचा परदेशी म्हातारा दोघेही मधूनच मान वर करून डोंगरामागे ढग आहे का ते पाहतात.